चिठ्ठी काउंटरवर येण्याआधी: नवीन गोळी सुरू करताना डॉक्टरांशी काय बोलून घ्यायचं

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकलचं दुकान आहे, आणि डॉक्टरांना सांगायच्या निम्म्या गोष्टी मला ऐकायला मिळतात. त्याही पैसे देऊन झाल्यावर, पिशवीला गाठ मारता मारता. "अक्का, मागं अशाच एका गोळीनं अंगभर गांधी उठल्या होत्या, चालतंय न्हवं?" "पाळी चुकलीय, पण आत सासूबाई बसल्या होत्या." "मुतखड्याच्या वेळी किडनीचं काहीतरी बोलले होते, ते सांगायचं राहिलं बघा." तोवर दवाखाना बंद झालेला असतो, नाहीतर बाहेर तीस नंबर बसलेले असतात. चिठ्ठीतलं औषध बदलायचा अधिकार मला नाही. गोळ्या द्यायचं थांबवू शकते, डॉक्टरांना फोन लावू शकते. उचलला तर ठीक.

म्हणून हे सगळं डॉक्टरांसमोर बसलेलं असतानाच कसं उरकायचं ते लिहितेय. गर्दीच्या दवाखान्यात तुम्हाला तीन-चार मिनिटं मिळतात. बीपी बघणं आणि "कधीपासून होतंय" यातच त्यातली निम्मी जातात. उरलेल्यात काय बोलायचं ते बाहेर बाकावर बसल्या बसल्या ठरलेलं पाहिजे. आणि एक आधीच सांगते, हे वाचून चालू असलेली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. शंका आली तर विचारायचं.

पिशवी न्या, आणि बरोबर कोणाला न्यायचं तेही बघा

घरात जे जे चालू आहे ते एका पिशवीत घाला आणि तशीच्या तशी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या तर आल्याच. शिवाय कॅल्शियम, गुडघ्याची गोळी, आयुर्वेदिक काढा, भावानं गावाकडून आणलेली सांधेदुखीची पूड, डोळ्यातले थेंब, मलम, सगळं. "बीपीची ती पांढरी बारकी गोळी" म्हणून काहीच कळत नाही, बीपीच्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि बारक्याच असतात.

पिशवी का, ते एका काकांवरून सांगते. त्यांना एका ठिकाणाहून बीपीची गोळी चालू होती. गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तिथे बीपी जास्त निघालं, त्यांनीही बीपीची गोळी लिहिली. दोन्ही पाकिटांवर कंपन्यांची नावं वेगळी, रंग वेगळे. खाली बारीक अक्षरात दोन्हीकडे टेल्मिसार्टनच. काका दोन्ही इमानदारीत घेत होते आणि उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते म्हणून तिसऱ्या गोळीच्या चौकशीला माझ्याकडे आले. पिशवी दुसऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर गेली असती तर हे तिथेच संपलं असतं.

पॅरासिटामॉलचंही तसंच. तापाची गोळी वेगळी घेतली जाते, सर्दीच्या गोळीत ते असतं, कंबरदुखीच्या ॲसेक्लोफेनॅकच्या गोळीत पुन्हा असतं. धडधाकट मोठ्या माणसाला सगळं मिळून चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. लिव्हर खराब असेल, रोजची दारू असेल तर त्याहून बरंच कमी, आणि ते किती हे डॉक्टरच ठरवणार.

सांधेदुखीच्या सुट्ट्या पुडीबद्दल जरा कडक बोलते. पुडीवर नाव नाही, काय घातलंय ते लिहिलेलं नाही आणि चार दिवसांत दुखणं गायब होतं, तर त्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असण्याची शक्यता धरूनच चाला. अशा पुड्यांत ते सापडल्याची उदाहरणं आहेत. ती पूड महिनोन्महिने खाल्ली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड अचानक बंद झालं तर बीपी पडतं, माणूस गळून जातो, म्हणून बंद कसं करायचं हेही त्यांनाच ठरवू द्या.

आता बरोबरचं माणूस. आमच्या भागात घरात तेलुगू, शेजारी कन्नड, दुकानात मराठी आणि दवाखान्यात थोडी हिंदी असा कारभार असतो. म्हातारं माणूस मग इंग्रजी शाळेतल्या नातवाला दुभाषी म्हणून नेतं. नातू हुशार असतो, पण त्याच्यासमोर आजी लघवीचं बोलत नाही, सून पाळीचं बोलत नाही, आजोबा दारूचं बोलत नाहीत. तेव्हा घरात गोळ्या काढून देणारं जे माणूस आहे ते बरोबर असावं, आणि नाजूक बोलायचं असेल तेव्हा "जरा बाहेर थांब" म्हणता येईल असं असावं. डॉक्टरांनाही सरळ म्हणा, "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय." त्यांना त्याची सवय असते.

न विचारता सांगायच्या गोष्टी

पहिली ॲलर्जी. "मला गोळ्या सोसत नाहीत" एवढ्यावर भागत नाही. कुठल्या औषधानं, किती वेळात, काय झालं हे तीन तुकडे सांगा. ॲमॉक्सिसिलिन खाल्ल्यावर तासाभरात गांधी उठल्या, ओठ सुजले, ही एक गोष्ट. त्याच गोळीनं जुलाब लागले, ही दुसरी. पहिलीत पेनिसिलिनच्या घराण्यापासूनच लांब राहावं लागतं, दुसरीत बहुतेक वेळा तसं नसतं. सल्फाच्या गोळीनं अंगाची सालं निघाली, तोंडात फोड आले असं कधी झालं असेल तर ते आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं. औषधाचं नाव आठवत नसेल तर जुनी फाईल शोधा. फाईल नसेल तर तेव्हा ज्या मेडिकलमधून घेतलं तिथे विचारा, जुनं बिल निघूही शकतं.

दुसरी पोटुशीपणाची शक्यता. दिवस गेलेत, जातील असं वाटतंय किंवा बाळ अंगावर पितंय, तिन्ही सांगायचं. एनालाप्रिल, रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. फिटचं सोडियम व्हॅल्प्रोएट, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, सांध्यांचं मेथोट्रेक्सेट यांनी बाळाला व्यंग येऊ शकतं. मूल हवं असा विचार असेल तर आधीच बोला म्हणजे वेळेत औषध बदलता येतं. फिटची गोळी मात्र घाबरून एकदम बंद करायची नाही, फिट येणं आईलाही धोक्याचं आणि बाळालाही.

किडनी आणि लिव्हर. क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट मोबाइलमध्ये ठेवा. बऱ्याच औषधांचा डोस त्यावर ठरतो. कधी अल्सर झाला होता, शौचाला काळी झाली होती, तर वेदनाशामक लिहिण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे. दमा असेल तर तोही, कारण अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरण्यासाठी देतात त्या प्रोप्रॅनोलॉलनं दमा उसळतो. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीसुद्धा. थेंब डोळ्यात घातले म्हणून ते डोळ्यातच राहतात असं नाही.

दारू, तंबाखू, मिश्री. "कधीतरी" हे उत्तर देऊ नका. आठवड्यातून किती वेळा, किती, ते सांगा. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेतली की मळमळ, उलटी, धडधड सुरू होऊ शकते, म्हणून कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस लांब राहायला सांगतात. झोपेच्या, फिटच्या गोळीवर दारू म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका. आणि बायकांनो, मिश्री लावणं हेही तंबाखूच. विड्या वळणाऱ्या किती जणी "मला व्यसन नाही" म्हणून सांगतात आणि सकाळी मिश्रीशिवाय त्यांचं चालत नाही. बीपी आणि हृदयाच्या डॉक्टरला ते माहीत असलेलं बरं.

आणि तुमचं काम. हे कोणीच सांगत नाही आणि माझ्या मते आपल्या शहरात हे सगळ्यात वर हवं. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याच्या चिठ्ठीवर "१-०-१" लिहिलेलं असतं, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण त्याची सकाळ म्हणजे झोपायची वेळ. "झोपताना" लिहिलेली गोळी तो रात्री दहाला घेतो आणि मागावर उभा राहतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्यानं पेंग येते. सेटिरिझिननंही काहींना येते. धोट्यासमोर पेंगणं काय असतं ते मागवाल्यांना सांगायला नको. पुणे रोडला ट्रक चालवणाऱ्यांनाही नको. "मी रात्री काम करतो, दिवसा झोपतो" हे एक वाक्य बोललात की डॉक्टर वेळ बदलतात, नाहीतर कमी झोप आणणारी गोळी लिहितात.

विचारायचे प्रश्न

ही गोळी कशासाठी? नाव काय? किती दिवस? एवढं विचारायला कोणी लाजत नाही, पण उत्तर लक्षात राहत नाही. चिठ्ठीच्या मागं पेनानं लिहून घ्या. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव ठळक, वाचता येईल असं लिहावं अशी तरतूद २०१६ पासून त्यांच्या नियमांत आहे. तेव्हा "साहेब, जरा मोठ्या अक्षरात लिहाल का" म्हणण्यात उद्धटपणा काही नाही.

रोज की आठवड्यातून एकदा? या प्रश्नावर मी अडून बसते. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी देतात तेव्हा ते आठवड्यातून एकदाच असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. एका मावशींच्या सुनेनं माझ्याच काउंटरवर डबीत रोजच्या कप्प्यात एकेक टाकायला सुरुवात केली होती. चिठ्ठीवर बरोबर लिहिलेलं होतं, तिनं ते नुसतं "एकदा" असं वाचलं. मी पाकिटावर मार्करनं "फक्त गुरुवार" लिहिलं, आणि फॉलिक ॲसिडच्या पाकिटावर "गुरुवारी नाही", कारण त्यांच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. वार ठरवायचा तो डॉक्टरांसमोर आणि पाकिटावर लिहायचा. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या कॅप्सूलचं, हाडांसाठीच्या ॲलेन्ड्रोनेटच्या ७० मिलिग्रॅमच्या गोळीचंही असंच, आठवड्याचा हिशेब असतो.

जेवणाआधी की नंतर, आणि कशाबरोबर नाही? थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. इथे आमच्या बायका अडतात. पहाटे उठल्यावर पहिला चहा, मग बाकी जग. त्यातून नळाला पाणी यायचा दिवस असेल तर घागरी, बॅरल भरण्यात गोळी राहूनच जाते आणि मग नऊ वाजता कॅल्शियम, लोहाच्या गोळीबरोबर तिन्ही एकदम गिळल्या जातात. कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला पोटात शोषू देत नाहीत, चार तासांचं अंतर लागतं. पहाटे जमतच नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. जेवणानंतर तीन-चार तासांनी, रात्री झोपताना घेणंही काही जणांना चालवतात. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध-दह्याबरोबर नको. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. शिवाय तिच्यानं ऊन बाधतं, आणि सोलापूरच्या उन्हात हे सांगायलाच हवं.

रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल, असेल तर पालेभाजीचा प्रश्न निघतो. मेथी, पालक, चुका एकदम सोडायची गरज नसते. रोज साधारण तेवढीच खायची, आठवडाभर अजिबात नाही आणि मग एका दिवसात दोन जुड्या असं करायचं नाही. पुढची तपासणी कधी हे त्याच वेळी लिहून घ्या. दात काढायला जाताना या गोळ्यांचं आणि ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलचं दातांच्या डॉक्टरला आधी सांगायचं. बंद करायची की नाही हे त्यांनी आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

काय झालं तर घाबरायचं नाही? माझा आवडता प्रश्न. लोहाच्या गोळीनं शौचाला काळी होते. टीबीच्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते. ॲम्लोडिपिननं पाय सुजू शकतात. रामिप्रिल, एनालाप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो. हा खोकला घेऊन लोक महिनोन्महिने माझ्याकडून खोकल्याची बाटली मागतात, एक संपली की दुसरी. छातीचा एक्स-रे काढून झालेला असतो, मध-आलं झालेलं असतं. बीपीची कुठली गोळी चालू आहे ते मी विचारते आणि परत डॉक्टरांकडे पाठवते. गोळी बदलली की काही आठवड्यांत खोकला जातो. सुरू करतानाच "याचा काय त्रास होऊ शकतो" एवढं विचारलं असतं तर बाटल्यांचे पैसे वाचले असते. माझा धंदा बुडाला असता, तो भाग वेगळा. रिफाम्पिसिनचं आणखी एक: त्यानं गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. त्या चालू असतील तर दुसरा उपाय विचारून घ्या.

आणि काय झालं तर लगेच पळायचं? ओठ-जीभ-डोळे सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं: १०८ ला फोन, वाट बघायची नाही. फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक ॲसिडची ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगावर चट्टे, तोंडात किंवा डोळ्यात जखमा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. थायरॉइड वाढल्यावर देतात त्या कार्बिमाझोलवर असताना ताप आणि घसा दुखणं आलं तर साधी सर्दी समजू नका, रक्त तपासावं लागतं.

एक वेळ चुकली तर काय, आणि बरं वाटल्यावर बंद करायची का, हेही विचारा. प्रत्येक गोळीचं उत्तर वेगळं आहे. दोन्ही एकदम घेऊन भरपाई करायची नाही, एवढं मात्र जवळजवळ सगळ्यांना लागू.

ऊन आणि उपास

इंटरनेटवरच्या याद्यांत ग्रेपफ्रूट खाऊ नका असं लिहिलेलं असतं. बरोबर आहे ते, पण आपल्या मंडईत ग्रेपफ्रूट दिसतं कुणाला? आपल्याकडचे खरे दोन प्रश्न म्हणजे एप्रिल-मे आणि उपास.

उन्हाळ्यात इथे पारा ४२ च्या वर जातो. ज्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल आहे, सोबत लघवीची गोळी आहे, त्यांना जुलाब-उलट्या झाल्या आणि वर अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक घेतली, तर किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. म्हणून उन्हाळ्याआधीच विचारून ठेवा: "उलट्या-जुलाब होऊन पाणी टिकेनासं झालं तर यातली कुठली गोळी थांबवायची, कुठली चालू ठेवायची आणि परत सुरू कधी करायची?" मेटफॉर्मिन असेल तर तिचंही नाव घ्या. गोळ्यांच्या नावापुढे कधीकधी "एच" असतं, त्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड ही लघवीची गोळी मिसळलेली असते. "एएम" म्हणजे ॲम्लोडिपिन. तेव्हा "मला लघवीची गोळी नाही" म्हणण्याआधी पाकीट वाचा.

इन्सुलिनचं तर वेगळंच प्रकरण. न उघडलेलं २ ते ८ अंशात, फ्रीजच्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यायचं. उघडलेलं साधारण चार आठवडे बाहेर चालतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण ते २५ ते ३० अंशांपर्यंतचं. पत्र्याच्या घरात मे महिन्यात दुपारी एवढं थंड काय असतं? फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर झाकण आणि ओलं फडकं, सावलीत, वाऱ्याला. इन्सुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आतल्या मडक्यात. फ्रीजइतकं थंड होत नाही, पण बाहेरच्यापेक्षा बरंच. पाण्यासारखं नितळ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर वापरू नका.

उपासाचं डॉक्टरांना आधी दोन-तीन आठवडे सांगा. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, रमजानचे रोजे, जे काही तुमचं असेल ते. आदल्या रात्री मला "अक्का, उद्या उपास आहे, शुगरची गोळी घेऊ का नको" विचारण्यात अर्थ नाही. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिन रिकाम्या पोटी शुगर पाडतात: घाम, थरथर, डोकं गरगरणं. डापाग्लिफ्लोझिनच्या घराण्यातल्या गोळ्या लघवीतून साखर आणि पाणी काढतात. त्या चालू ठेवून कडक उपास केला तर मळमळ, पोटदुखी, दम लागणं असा रक्तात ॲसिड वाढण्याचा त्रास होऊ शकतो, शुगर फार वाढलेली नसतानाही. मेटफॉर्मिनचं तेवढं भय नसतं. म्हणजे तिन्ही "शुगरच्याच गोळ्या", पण उपासाचं उत्तर तीन तऱ्हांचं.

कोजागरीला इथून तुळजापूरला चालत जाणारे हजारो असतात, ४५ किलोमीटरच्या आसपासची वाट. नऊ दिवसांचा उपास आणि त्यामागून हे चालणं. शुगरवाल्यांनी त्या रात्रीचा डोस विचारूनच जावं, खिशात ग्लुकोज नाहीतर साखर ठेवावी आणि शुगर ७० च्या खाली गेल्यासारखं वाटलं तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन बसावं, पंधरा मिनिटांनी परत तपासावं. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी जाऊ नये. देवी रागावत नाही.

लहान मुलांचं औषध

मुलाचं वजन माहीत करून जा, वय पुरत नाही. आणि बाटली घेताना आकडा वाचा. पॅरासिटामॉलचे थेंब येतात त्यात १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. सिरप येतं ५ मिलिलिटरमध्ये १२५ चं आणि २५० चंही. मोठ्या मुलाच्या बाटलीचा "एक झाकण" हिशेब तान्ह्याच्या थेंबांना लावला तर कितीतरी पटीनं जास्त जातं. डॉक्टरांकडून "किती एमएल, कुठल्या बाटलीचं" असं दोन्ही लिहून घ्या. घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबर मिळतो तो कप किंवा ड्रॉपर वापरा. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे, शेजारणीनं कितीही कौतुक केलं तरी.

काउंटरवर

आता माझ्या बाजूला या. पाकिटावर डावीकडे लाल उभी रेघ दिसली की समजा ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न द्यायचं औषध आहे. काही अँटिबायोटिक, टीबीची आणि झोपेची औषधं शेड्यूल एच-वन मध्ये येतात, ती देताना डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव मला वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. मी नाव विचारते तेव्हा चौकशी करत नसते. "गेल्या वेळी दिली होती, तशीच द्या" याला माझं उत्तर नाहीच असतं, आणि त्यावरून तोंड वाजलं तरी चालेल.

मला प्रश्न विचारा. औषध कसं घ्यायचं ते समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ते लिहिलेलं आहे. ब्रँड बदलून दिला तर खालचं मूळ नाव, मिलिग्रॅमचा आकडा आणि मागची अक्षरं चिठ्ठीशी ताडून बघा. "एसआर", "एक्सआर", "ईआर" लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते, म्हाताऱ्या माणसाला गिळवत नाही म्हणून ती कुटून भाकरीच्या तुकड्यात घालू नका. गिळवत नाही हे डॉक्टरांना सांगा, बऱ्याचदा पातळ औषध किंवा साधी गोळी असते.

नवीन औषध पहिल्यांदा घेताना महिन्याभराचं नेऊ नका, डॉक्टरांनी अडवलं नसेल तर पाच-सात दिवसांचं न्या. सोसलं तर पुढचं. अँटिबायोटिक आणि टीबीचं मात्र पूर्ण लिहिलंय तेवढंच घ्या. पाकीट कापून घेताना एक बघा: नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख पाकिटाच्या एकाच टोकाला छापलेली असते. मी कात्रीनं चार गोळ्या कापून दिल्या की ते टोक बहुतेक माझ्याकडेच राहतं आणि तुमच्या हातात नुसता चंदेरी तुकडा येतो. कापायच्या आधी अख्ख्या पाकिटाचा दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढा. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायलाही तोच उपयोगी पडतो.

एखाद्या औषधानं त्रास झाला तर आधी डॉक्टर. ते झाल्यावर १८००-१८०-३०२४ या फुकट नंबरवर तो नोंदवता येतो. भारत सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या त्रासावर नजर ठेवायच्या, कार्यक्रमाचा हा नंबर आहे, आणि नोंद रुग्णालाही करता येते. फोन करताना तो फोटो समोर ठेवा, बॅच नंबर विचारतात.